दोन हेल्मेटं आणि एक असोला नारळ

शब्द दिला तेव्हा आकाराम मगदूमांच्या तोंडात पोह्यांचा घास होता. त्यामुळे तो शब्द धरायचा की नाही, यावर घरात आठवडाभर वाद चालला. आकारामांचं म्हणणं, घास गिळल्याशिवाय बोललेलं पक्कं नसतं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे वर्षाराणींचं म्हणणं, मग लग्न झाल्यापासून या घरात एकही बोलणं पक्कं झालेलं नाही.

शब्द असा होता. त्यांच्या मुलीला, अनुजाला, मलकापूरच्या एका बँकेत नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून मलकापूर म्हणजे रत्नागिरी रस्ता, मधे वाघबीळची वळणं, आणि रस्ता रुंद करायचं काम चालू असल्यामुळं कालचा रस्ता आज त्याच जागी सापडेल याची खात्री नाही. एसटी आहे. पण ती बँकेच्या वेळेवर चालत नाही, स्वतःच्या चालते. अनुजा म्हणाली, मी मोटारसायकलनं जाणार. आणि आकाराम घासासकट म्हणाले, "मी पास केलेलं हेल्मेट डोक्यावर असंल तर जा. न्हायतर एसटी."

"चालेल," असं म्हणून अनुजा बशी उचलून आत गेली. तिला वाटलं, संध्याकाळी दुकानात जाऊन येऊ, झालं. आकारामांना वाटलं, हे काही सोमवारपर्यंत होत नाही, पोरगी एसटीनं जाणार. दोघांचेही अंदाज चुकले, पण त्याला अजून अवकाश आहे.

'पास' या शब्दाबद्दल

आकाराम एका दूध संघात तपासनीस होते. गावोगावच्या संस्थांचे कॅन येत, आकाराम प्रत्येकातून नमुना काढत, फॅट बघत, पाणी घातलंय का ते सांगणारी डिग्री बघत आणि शेवटी एकच शब्द बोलत. पास. किंवा बोलत नसत, आणि मग तो कॅन आला तसा परत जाई. कुरुंदवाडच्या सख्ख्या मेहुण्याचं दूध त्यांनी भाऊबिजेच्या आदल्या दिवशी परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्षाराणींनी भावाला ओवाळलं, त्याच्यासमोर नवऱ्याचा पाट मांडला आणि दोघांच्या मधे स्वतः बसून जेवल्या. लग्नकार्यात बासुंदीची वाटी पुढं आली की आकाराम आधी चमचा तिरका करून ती कशी ओघळते ते बघत. यजमानाचा चेहरा तेवढा वेळ बघण्यासारखा होई.

असा माणूस हेल्मेट पास करायला निघाला होता.

अभ्यास

पहिल्या दोन दिवसांतली जेवणाची सुट्टी अभ्यासात गेली. जगात हेल्मेटावर शिक्के मारणारे बरेच आहेत, हे आकारामांना नव्यानं कळलं. आपल्या सरकारचा आयएसआय, तो सक्तीचा. अमेरिकेचा डॉट. युरोपचा ईसीई. शिवाय स्नेल नावाची एक खासगी संस्था, जिला कुणी सांगितलेलं नसताना ती स्वतःहून सगळ्यात कडक परीक्षा घेते. अशी माणसं पेठेतही आहेत.

आकारामांनी हे सगळं दुधाच्या भाषेत लावून घेतलं. अमेरिकेत कंपनी स्वतःचं हेल्मेट स्वतः तपासते आणि स्वतःच शिक्का मारते, सरकार मागनं बाजारातून एखादं उचलून बघतं, हे वाचून त्यांचा डबाच थांबला. म्हणजे गवळ्यानंच यायचं, माझ्या दुधात पाणी नाही असं म्हणायचं, आणि आपण कॅन ओतून घ्यायचा. एवढा मोठा देश या पद्धतीवर चालतो, याचं त्यांना दोन घास वाईट वाटत राहिलं. युरोपचं मात्र पटलं. तिथं बाजारात जायच्या आधी बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुने जातात. नमुना हा शब्द वाचला आणि त्यांना युरोपात नातेवाईक असल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी सरकारच्या एका मदत-क्रमांकावर फोन केला. आयएसआयचा परवाना क्रमांक सरकारी ॲपवर तपासता येतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना पुढचं हवं होतं. परवाना कंपनीला मिळतो, पण जे हेल्मेट आमच्या पोरीच्या डोक्यावर बसणार, त्या खेपेतला नमुना कुणी, कधी फोडला? पलीकडनं विचारणा झाली की आपण उत्पादक, विक्रेता की ग्राहक. आकाराम म्हणाले, तपासनीस. असा पर्याय नव्हता. त्यांनी पुन्हा फोन लावला आणि ग्राहक असल्याचं जड मनानं कबूल केलं, तेव्हा लेखी अर्ज करायला सांगण्यात आलं. सोमवारच्या आत उत्तर येईल का, या प्रश्नावर पलीकडं कुणीतरी हसलं. आकारामांच्या मते हसलं. अनुजाच्या मते खोकलं असेल.

रस्त्याकडेचा माणूस

शेजारचे जोतीराम विम्याचं काम करत आणि सल्ले त्याच्यासोबत फुकट देत. त्यांचं म्हणणं, कशाला एवढा खटाटोप, बायपासला झाडाखाली एक माणूस हेल्मेटं लावून बसतो, आपलं तिथलंच आहे, कधी काही झालं नाही. आता जोतीरामांचं हेल्मेट कायम त्यांच्या कोपरात अडकवलेलं असे, त्यामुळं त्यांच्या कोपराला काही झालं नव्हतं एवढं खरं.

तरीही आकाराम गेले. तपासनीसानं सगळीकडं जायचं असतं. झाडाखालच्या माणसानं हसतमुखानं एक हेल्मेट हातात दिलं. त्यावर कसलाच शिक्का नव्हता. आकारामांनी शिक्क्याचं विचारल्यावर त्यानं पिशवीतनं गुंडाळी काढली.

"पावणं, कुठला लावू? आयएसआय हाय, डॉट हाय, युरोपचा बी हाय. चारी बाजूला चार लावून देतो की, कुटनंबी पडला तरी काळजी न्हाय."

परतीच्या वाटेवर आकाराम बोलले नाहीत. एकटेच होते म्हणा. पण एरवी ते एकटे असतानाही बोलत.

केरबाचं दुकान

केरबा शेटचं दुकान म्हणजे पेठेतलं जुनं. आकाराम आत शिरले आणि म्हणाले, एकाच खेपेतली दोन द्या. केरबाला वाटलं नवरा-बायकोसाठी. त्यानं एक काळं आणि एक गुलाबी काढलं. आकाराम म्हणाले, दोन्ही काळी, एकाच मापाची, एकाच महिन्यात एकाच दिवशी बनलेली. केरबानं आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेटाच्या आत डोकं घालून, म्हणजे न घालता, नुसतं वाकून, तारीख वाचली. सगळी खोकी उघडावी लागली. शेवटी एकाच तारखेची दोन सापडली. शिक्का अस्सल, क्रमांक ॲपवर जुळला, पट्टा पक्का.

"दोन कशाला वं, साहेब? डोकी दोन हायत का?" केरबानं विचारलं.

"एक घालायला. एक फोडायला."

केरबानं पुढं काही विचारलं नाही. त्यानं दोन्ही गुंडाळून दिली आणि आकाराम पायरी उतरेपर्यंत त्यांच्या डोक्याकडं बघत राहिला.

पण आकारामांची पद्धत चोख होती, हे मान्य करायला हवं. कॅनमधनं काढलेला नमुना परत कॅनमधे ओतत नाहीत. तो तपासायचा आणि फेकायचा, उरलेला कॅन पास करायचा. हेल्मेटाचंही तेच. आतल्या बाजूला पांढरा थर्माकोलसारखा थर असतो, तो एकदा मार खाऊन दबला की दबला, पुन्हा फुगत नाही. म्हणून ज्याची परीक्षा घेतली ते कधीच वापरायचं नाही. आकारामांनी एका हेल्मेटाच्या मागं कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर 'नमुना' असं लिहिलं, आणि घरी आले.

आता फक्त डोकं हवं होतं.

डोकं

प्रयोगशाळेत हेल्मेटाच्या आत खोटं डोकं बसवतात आणि उंचावरनं लोखंडावर आपटतात. कोल्हापुरात खोटं डोकं कुठं मिळतं? वर्षाराणींनी एकदोन नातेवाइकांची नावं सुचवली. आकारामांनी दुर्लक्ष केलं आणि टेप घेऊन अनुजाच्या डोक्याचा घेर मापला. ती मोबाईलवर काहीतरी वाचत होती. तिनं मान वर केली नाही. कपाळाला टेप लावून घेणं हे तिला या घरात काही नवीन नसावं.

मग आकाराम मंडईत गेले. सोललेला नारळ लहान पडतो, म्हणून सालासकटचा, असोला. त्यांनी ढिगातला एक उचलला, त्याला टेप गुंडाळली, ठेवला. दुसरा उचलला. नारळवाल्यानं बराच वेळ सोसलं आणि मग शांतपणे म्हणाला, "पावणं, टोपी शिवायची हाय काय नारळाला?"

शेवटी एक बरोबर मापाचा मिळाला. रिक्षात आकारामांनी तो मांडीवर घेतला. वळणावर त्यांनी नकळत त्याच्यावर हात ठेवला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी, तालमीत

लोखंडाचा आणि उंचीचा प्रश्न ज्ञानू वस्तादांनी सोडवला. ते पेठेतल्या तालमीचे वस्ताद, वय झालेलं, मान अजून खांबासारखी. ते म्हणाले उंचावरनं टाकायला कशाला पाहिजे, गदा आहे की. आकारामांनी चाचणी गुपचूप करायची ठरवली होती. पण वस्तादांनी एका माणसाला सांगितलं, आणि पेठेत एका माणसाला सांगणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी तालमीत उभं राहायला जागा नव्हती. जोतीरामांनी मंडळाचा माईक धरला.

"मंगळवार पेठेतल्या तमाम शौकिनांनो, बसून घ्या, मागच्यांना दिसू द्या. एका बाजूला ज्ञानू वस्तादांची गदा, जिनं आजवर पाठ टेकलेली न्हाय. दुसऱ्या बाजूला भारत सरकारचा आयएसआय. वजनगट खुला. पंच मगदूम साहेब."

पंचांनी हेल्मेटात नारळ बसवला, पट्टा लावला. आखाड्याच्या हौद्यात लाल माती, ती मऊ, मार शोषून घेणार, म्हणून मधे नाल ठेवला. नाल म्हणजे पैलवानांनी उचलायचा मूठ कोरलेला दगड. त्यावर हेल्मेट. रंग जाऊ नये म्हणून वस्तादांनी गदेला स्वतःचा टॉवेल गुंडाळला. हा त्यांचा चांगुलपणा. पुढं तोच नडला.

पहिला फटका निसटता बसला. हेल्मेट नारळासकट उडालं, दारातनं बाहेर गेलं आणि समोर भाजी घेऊन बसलेल्या तानाबाईंच्या मेथीच्या पाटीत अलगद उतरलं. तानाबाईंनी काच वर केली, आत बघितलं आणि नारळाचा भाव विचारला.

दुसऱ्या वेळी ते कुणीतरी धरावं असं ठरलं. कुणी धरावं यावर चर्चा झाली. जोतीरामांनी माईकवरनं सांगितलं की मालकानं धरायची पद्धत आहे. अशी पद्धत कुठंच नाही. शेवटी एका लंगोटानं हेल्मेट नालाला आवळून बांधलं आणि वस्तादांनी गदा खांद्यावरनं आणली.

चाचणी अहवाल
नमुना: एक, काळा.
डोकं: असोला नारळ, घेर अनुजाइतका.
आघाताचं साधन: गदा (टॉवेलसह).
आघाताचा जोर:

इथं आकारामांचं पेन थांबलं. जोर कशात लिहायचा? त्यांनी वस्तादांना विचारलं. वस्ताद म्हणाले, "निम्मा लिवा. पुरा लावला न्हाय."

नारळाला तडा नव्हता. हेल्मेटाला बाहेरनं ओरखडाही नव्हता. तालमीत टाळ्या पडल्या, दोघांनी आकारामांना उचलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली ठेवलं. दूध संघात इतकी वर्षं काढून त्यांना टाळ्या पहिल्यांदाच मिळत होत्या. फॅट बरोबर आलं म्हणून कोण टाळ्या वाजवतो?

मग लोक आपापली हेल्मेटं घेऊन आले. जोतीरामांनी माईक न सोडताच आपलं पुढं केलं. वस्तादांनी नुसती गदा टेकवली म्हणावी इतका हलका फटका दिला, आणि त्याचे पापडासारखे तुकडे झाले. एका तुकड्यावर आयएसआयचा शिक्का होता, तो निघाला तर खाली डॉटचा. जोतीराम तुकडे गोळा करत हळू आवाजात म्हणाले, "हे घालून मी आठवड्याला गडहिंग्लज करतो." माईक चालू होता. ते तालमीभर ऐकू गेलं. मग कुणीतरी म्हणालं, घालून कुठं, कोपराला लावून, आणि पुन्हा हशा झाला. जोतीरामही हसले, जरा उशिरा.

वाद

घरी येताना सगळी पेठ सोबत. आणि पेठेचा निकाल झाला होता: अनुजानं हेच हेल्मेट घालायचं. मार खाऊन टिकलेलं. दुसरं तर कोरं, आखाड्यात न उतरलेलं, त्याचा काय भरवसा?

आकाराम उलट सांगत होते. हे टिकलं म्हणूनच हे बाद. ते कोरं आहे म्हणूनच ते चांगलं. आतला थर, दबणं, नमुना, कॅन, सगळं सांगितलं. जितकं समजावलं तितकी लोकांना त्यांची काळजी वाटायला लागली. वस्ताद तर दुखावले. म्हणाले, म्हणजे पैलवानानं कुस्ती जिंकली की त्याला घरी बसवायचा, आणि जो लढलाच नाही त्याला हिंदकेसरी करायचं? आकाराम म्हणाले, हेल्मेटाच्या बाबतीत होय. वस्ताद चहा न घेता गेले. पेठेत वस्ताद चहा न घेता जाणं ही साधी गोष्ट नव्हे. आकारामांनी दारापर्यंत जाऊन हाक मारली, पण शब्द मागं घेतला नाही. विज्ञानासाठी माणसांनी याहून मोठे त्याग केले असतील. पण त्यांना बहुतेक वस्तादांच्या शेजारी राहावं लागलं नसावं.

आणि मग

हे वाक्य कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळच. आकाराम दारात हाक मारत असताना, आत वर्षाराणींनी दोन्ही हेल्मेटं ओल्या फडक्यानं पुसली.

लाल माती लागलेली, मेथीचं पान चिकटलेलं. नवी वस्तू अशी देवापुढं कशी ठेवायची? मागं कसलातरी कागदही चिकटलेला होता, तो त्यांनी नखानं काढून टाकला. दोन्ही स्वच्छ झाली. दोन्ही पाटावर शेजारी शेजारी ठेवली, दोन्हींना हळदकुंकू लावलं आणि उदबत्ती फिरवली.

आकाराम आत आले. पाटाकडं बघितलं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

"यातलं नमुन्याचं कुठलं?"

वर्षाराणी म्हणाल्या, दोन्ही एकच की हो, तुम्हीच तर म्हणालात, एकाच खेपेतली.

रविवार

रविवारचा दिवस आकारामांनी त्या दोन हेल्मेटांमधे काढला. आधी वजन केलं. सारखं. मग दोन्हींवर टकटक करून कान लावला. सारखं. आतलं अस्तर उचकटून बॅटरीच्या उजेडात पांढरा थर बघितला. दोन्ही सारखेच पांढरे, कुठं दबलंय ते दिसेना. हुंगूनही बघितलं, कारण नासकं दूध आधी नाकाला कळतं. दोन्हींना उदबत्तीचा वास. त्यांना ती दोन्ही कुठल्यातरी चौकशीत एकमेकांना वाचवणारे साक्षीदार वाटायला लागली.

कंपनीच्या क्रमांकावर एक मुलगी हिंदीतनं बोलली. तिनं विचारलं, हेल्मेट पडलं होतं का? आकाराम म्हणाले, पडलं नाही, गदा मारली. तिनं 'गदा' कशी लिहायची ते विचारलं. मग सांगितलं, आघात झालेलं हेल्मेट वापरू नका. कुठलं ते ओळखता येत नसेल तर दोन्ही वापरू नका. एवढं स्पष्ट उत्तर आठवड्यात पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते हे होतं.

दुपारी आकारामांनी कात्री घेतली आणि दोन्ही हेल्मेटांचे पट्टे कापले. नापास दूध चुकून कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून ओतून टाकतात, तसं. गॅलरीतनं बघणाऱ्या जोतीरामांनी डोळे मिटले. त्यांची एकावर नजर होती.

आता सरळ होतं. पास केलेलं हेल्मेट घरात नव्हतं. उद्या एसटी. पहिल्या दिवशी पोह्यांच्या घासाबरोबर त्यांना जे हवं होतं, नेमकं तेच झालं होतं. आकाराम खुर्चीत बसले आणि आपल्याला बरं का वाटत नाही, याचा विचार करत राहिले. पोरीनं आठवडाभर एका शब्दानं तक्रार केली नव्हती. तिनं डोकं मापून दिलं होतं. मेथीची गंमत ऐकून हसली होती. आता ती घरात नव्हती.

दिवेलागणीला ती आली. हातात पिवळंजर्द हेल्मेट. केरबाकडं तिच्या मापाचं तेवढंच उरलं होतं, कारण पिवळं कुणी घेत नाही. तिनं ते वडिलांच्या मांडीवर ठेवलं. शिक्का अस्सल होता, क्रमांक तिनं ॲपवर बघितला होता, पट्टा पक्का होता.

"हे एकच आहे पप्पा. याच्या जोडीचं नाही. म्हणजे याचा नमुना नाही."

आकाराम म्हणाले, मग पास कसं करायचं?

अनुजा समोर पाटावर बसली. "तुम्ही रोज दूध तपासता. जे तपासता ते फेकून देता. मग लोक पितात ते कुठलं?"

"पास झालेलं."

"ते तर तुम्ही तपासलेलं नसतं."

आकारामांनी तोंड उघडलं. या वेळी त्यात घास नव्हता. एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, संघातल्या साहेबांनी नाही, परत पाठवलेल्या मेहुण्यानंही नाही. नमुना गटारात जातो. माणसाच्या घशाखाली उतरतो तो थेंब कुणीच बघितलेला नसतो. सगळा जिल्हा सकाळचा चहा न तपासलेल्या दुधाचा पितो आणि कामाला लागतो.

आकारामांनी हेल्मेट उचललं, लेकीच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला आणि पट्ट्यात दोन बोटं घालून बघितली. हेल्मेट हातानं हलवलं तर नुसतं हेल्मेट हललं नाही, तिचं डोकंही सोबत हललं. बरोबर बसलं होतं. काचेमागं तिचे डोळे हसत होते.

"पास," ते म्हणाले. रोज शेकडो वेळा बोलायचा शब्द. या वेळी तो म्हणून झाल्यावर त्यांनी पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला.

सोमवार

सोमवारी आकाराम पहाटेच उठले, संघात लवकर बोलावलंय असं सांगून बाहेर पडले आणि मलकापूरच्या एसटीत शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मागच्या काचेतनं रस्ता दिसतो म्हणून शेवटचा बाक. संघात त्यांनी पोट बिघडल्याचं कळवलं होतं. दुधाच्या तपासनीसाचं पोट बिघडलं म्हटल्यावर संघात काय गोंधळ उडाला असेल, ती वेगळी गोष्ट.

एसटी रमतगमत निघाली. गाव मागं पडलं, आकारामांची मान वळून वळून अवघडली, तरी मागं कुणी येईना. आणि वाघबीळची चढण लागली तेव्हा मागच्या काचेत एक पिवळा ठिपका दिसला.

आकाराम बाकाखाली वाकले. मग हळूच वर आले.

एसटी चढणीला मुंगीसारखी चालली होती. मागं जीपगाड्या, ट्रक, मोटारसायकली तटलेल्या. वळणावर एकेक जण हॉर्न मारत, अंगावर आल्यासारखा पुढं घुसत होता. पिवळा ठिपका मागंच. एक वळण झालं. दुसरं झालं. एका पोरानं तिच्याशेजारी गाडी आणून हातवारे केले, जा की पुढं म्हणून. ती गेली नाही. खड्डा आला तर ती आधीच हळू झाली होती. खडी पसरलेली होती तिथं पाय न टेकता सरळ निघाली. आकारामांनी नकळत पुढच्या बाकाची दांडी धरली होती. ती त्यांनी सोडली, कधी ते त्यांनाही कळलं नाही.

घाट संपला. रस्ता सरळ झाला, समोरनं काही येत नव्हतं. पिवळ्या ठिपक्यानं उजवा दिवा लावला, बाजूनं आली, मोठी झाली, खिडकीखालनं निघून गेली आणि पुढं लहान होत गेली. तिनं खिडकीकडं बघितलं नाही. आकाराम तेवढ्यासाठी वर्तमानपत्र तोंडापुढं धरून तयार होते. त्याचा उपयोग झाला नाही, याचं त्यांना किंचित वाईटही वाटलं.

मलकापूरच्या अलीकडं, बांबवड्याला एसटी थांबली. आकाराम उठले, पिशवी घेतली आणि दाराकडं निघाले. समोरच कोल्हापूरकडं जाणारी गाडी उभी होती.

कंडक्टरनं त्यांना अडवलं. "पावणं, तिकीट मलकापूरचं हाय तुमचं. इथं कुठं उतरता? पुढं जायचं हाय की."

"मला न्हाय," आकाराम म्हणाले. "तिला." आणि उतरले.